काळे हातमोजे आणि पिवळ्या डब्या

रुग्णालयांचे कपडे धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत ती एकोणीस वर्षं कामाला होती आणि तिथे तिला पाठीमागे सगळे ‘भट्टी’ म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत एकीचीच होती, तिच्या जोडीदारणीची. बाकीचे ते नाव घेण्याआधी आजूबाजूला बघून घेत. नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं असणार, कारण ती एकदम पेट घेत नसे. आधी गप्प होई, मग तिचे कान लाल होत, आणि मग ती समोरच्याला अहो-जाहो करू लागे. भट्टीच्या तोंडून ‘आपण’ आलं, की शहाण्या माणसाने दोन पावलं मागे सरकावं.

तिचं काम इस्त्रीच्या रोलरवर. धुऊन पिळलेली ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, झटकायची आणि रोलरच्या तोंडात सोडायची. तापलेल्या लोखंडाला घासत ती पलीकडून कोरडी आणि कडक होऊन बाहेर पडे. ती डाव्या टोकाला, जोडीदारीण उजव्या. चौदा वर्षं हीच जोडी होती. एकीने खांदा हलवला की दुसरीला कळे, या चादरीला गाठ आहे.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी लोखंडी दांडी होती. चादरीबरोबर कोणाचा हात आत ओढला जाऊ लागला, तर तो आधी दांडीवर दाबला जाई, दांडी हले आणि रोलर जागच्या जागी थांबे. कधीकधी गोळा झालेल्या चादरीनेही दांडी हले, मग यंत्र पुन्हा सुरू करावं लागे. पाळीत दहा-बारा वेळा तरी असं व्हायचंच. जोडीदारीण म्हणायची, “आपण दांडी मारत नाही म्हणून ही मारते.”

घरी नवरा. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला, स्वभावाने थंड, जिभेने तिरकस. निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात त्याने रोबोट गाडी जुळवायचा एक संच आणला: चार चाकं, दोन मोटारी, एक मुख्य सर्किट-पट्टी आणि पिशवीभर सेन्सर. आठवडाभर त्याने जेवणाचं टेबल अडवलं. गाडी तयार झाली, पण ती फक्त मागेच जायची.

“तीस वर्षं पुढे चालवली,” तो म्हणाला, “आता मागे गेली तर बिघडलं काय?”

तिला ते सहन होईना. तिने मोटारीच्या तारा उलट-सुलट करून गाडी पुढे चालवली आणि त्या दिवसापासून संच तिचा झाला. टेबल काही त्याला परत मिळालं नाही.

गाडीसमोर अडथळा आला की ती थांबली पाहिजे, यासाठी संचात एक छोटा सेन्सर होता. त्याला दोन मणी, एक पाण्यासारखा स्वच्छ, एक काळपट. स्वच्छ मणी डोळ्यांना न दिसणारा उजेड फेकतो, समोरच्या वस्तूवरून तो परत आला की काळपट मण्याला कळतं आणि एक बारीकसा हिरवा दिवा लागतो. खोक्यावर लिहिलं होतं: तीस सेंटीमीटरपर्यंत अचूक. तिने मोजपट्टी घेतली आणि मोजायला बसली. पांढरी भिंत सव्वीसवर दिसली. लाकडी कपाट एकोणिसावर. खिडकीतल्या उन्हात तर समोर काहीच नसताना गाडी थांबायची. आणि काळे मोजे घालून खुर्चीत बसलेल्या नवऱ्याच्या पायावर ती सरळ जाऊन आदळली.

“या घरात मी कोणाला दिसत नाही हे मला माहीत होतं,” तो पाय चोळत म्हणाला, “पण यंत्रालाही?”

ती हसली नाही. ती वैतागली होती. काळा रंग तो उजेड गिळून टाकतो, परत पाठवत नाही, ही गोष्ट खोक्यावर कुठेच लिहिली नव्हती. तिने एक जाड वही सुरू केली आणि रविवार त्यात जाऊ लागले. आवाजाच्या पडसादावर चालणारा सेन्सर लावून बघितला, तो मऊ टॉवेलला फसला. मग तिने बॉलपेनची स्प्रिंग ताणून गाडीच्या नाकाला एक मिशी बसवली. मिशी कशालाही टेकली की तार जुळायची आणि गाडी थांबायची. भिंत असो, टॉवेल असो, काळा मोजा असो, मिशी कधीच चुकली नाही. शेजारीपाजारी विचारत, या वयात हे काय खेळणं. ती म्हणे, “तुमचं टीव्ही बघणं संपलं की सांगते.”

मग लाँड्रीत नवा देखभाल इंजिनिअर आला. एका सोमवारी सगळ्यांना यंत्राजवळ गोळा केलं गेलं. व्यवस्थापक मॅडमनी चार वाक्यं बोलून दाखवली, फोटो निघाला. दांडी काढून टाकली होती. तिच्या जागी एका पट्टीवर आठ पिवळ्या डब्या बसवल्या होत्या. चादर सपाट जाते, हात वर उठलेला असतो. डबीला जवळ काही उंच दिसलं की रोलर थांबेल, असं इंजिनिअरने समजावलं. दांडीसारखा उगाचच्या उगाच थांबणार नाही, काम वाढेल. शिवाय हाताला चटके बसू नयेत म्हणून प्रत्येकीला नवे रबरी हातमोजे.

हातमोजे काळे होते.

दुपारी डब्या पुसण्याचं निमित्त करून तिने एकीत डोकावून पाहिलं. आत दोन मणी होते, एक पाण्यासारखा, एक काळपट. मागे निळा चौकोनी तुकडा, त्यात इवलासा स्क्रू. असे सहा सेन्सर तिच्या घरी डब्यात पडले होते.

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या, चपलाही न काढता, तिने हातमोजा सेन्सरसमोर धरला. उघडा तळहात अकरा सेंटीमीटरवर दिसत होता. हातमोजा घातलेला हात मण्यांना टेकेपर्यंत हिरवा दिवा लागला नाही. तिने चाळीस वेळा करून पाहिलं. नवरा दारात उभा राहून बघत होता.

“कान लाल झालेत तुझे,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती सुपरवायझरकडे गेली. तो तिच्याहून वीस वर्षांनी लहान. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग हसला. “मावशी, तुमची हौस चांगली आहे. पण खेळण्यातलं वेगळं आणि कारखान्यातलं वेगळं.”

“मणी तेच आहेत.”

“दिसायला असतील.”

ती इंजिनिअरकडे गेली. तो म्हणाला, “त्याला प्रमाणपत्र आहे.”

“आपण वाचलंत ते?”

“ऑफिसात आहे.”

“मी विचारलं, वाचलंत का.”

इंजिनिअरने घड्याळाकडे पाहिलं आणि त्याला कुठेतरी जायचं असल्याचं आठवलं. मागून सुपरवायझर कोणाला तरी सांगताना तिने ऐकलं: “भट्टीने घरी रोबोट केलाय म्हणे, आता आपल्याला शिकवणार.” दोघं-तिघं खिदळले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती वळली नाही. तिने ठरवलं, आता अशी वही समोर टाकायची की एकानेही तोंड उघडता कामा नये.

पुढचे दिवस ती त्यातच बुडाली. कोरडा हातमोजा, ओला हातमोजा, साबण लागलेला हातमोजा. किटलीच्या वाफेत, खिडकीच्या उन्हात, बल्बखाली. प्रत्येक आकडा तीनदा. स्वतः तिने कामावर हातमोजे घालणं बंद केलं. जोडीदारणीने विचारलं तेव्हा “हात घामेजतात” एवढंच म्हणाली. वही पूर्ण होईपर्यंत कोणाजवळ अवाक्षर काढायचं नाही, आणखी हसू करून घ्यायचं नाही, असं तिच्या डोक्यात बसलं होतं.

डब्या बसवल्यापासूनच्या दहाव्या दिवशी, बुधवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, एका चादरीच्या उजव्या कोपऱ्याला गाठ निघाली. तिने खांदा हलवला. जोडीदारणीने मान हलवली, डाव्या हाताने चादर धरून ठेवली आणि उजव्या हाताने गाठ सोडवायला पुढे झुकली. रोलरने गाठ ओढली आणि गाठीबरोबर हातमोजा. आठही डब्यांवरचे दिवे विझलेलेच राहिले. रोलर फिरत होता.

लाल बटण भिंतीवर होतं, भट्टीच्या बाजूला, चार पावलांवर. ती पोचली, तिने ते बटण मूठ आपटून दाबलं. तोवर जोडीदारणीने अंग मागे टाकून हात ओढून घेतला होता. हात बाहेर आला, हातमोजा आत राहिला. दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती आणि त्यांची कातडी सुटत होती. जोडीदारीण आपल्या हाताकडे कोणा दुसऱ्याचा असल्यासारखं बघत राहिली.

तिला दवाखान्यात पाठवलं. तासाभराने सुपरवायझर एक कागद घेऊन आला. साक्षीदार म्हणून सही हवी होती. कागदावर लिहिलं होतं: कामगाराचं कामाकडे लक्ष नव्हतं.

“हे आपण लिहिलंत?” भट्टीने विचारलं.

“नियमाप्रमाणे लिहावं लागतं, मावशी.”

“आपलं अक्षर फार सुरेख आहे.” तिने कागदाची घडी केली, चादरींची करतात तशी चारपदरी, आणि त्याच्या खिशात सरकवली. “आणि मी आपली मावशी नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू होताना व्यवस्थापक मॅडम सगळ्यांना सावधगिरीवर बोलणार होत्या. भट्टी पिशवी घेऊन आली. मॅडमचं पहिलं वाक्य व्हायच्या आत तिने घड्या घालायच्या टेबलावर गाडी ठेवली. गाडीची मिशी तिने घरीच काढून ठेवली होती, दोन मणी तेवढे ठेवले होते. समोर एक पांढरा नॅपकिन गुंडाळून उभा केला. गाडी गेली आणि नॅपकिनच्या आधी थांबली. मग तिने नॅपकिन उचलून तिथे काळा हातमोजा उभा केला. गाडी गेली आणि हातमोजा पाडून, त्याच्यावरून पुढे जाऊन टेबलाच्या कडेवरून खाली पडली. एक चाक घरंगळत इंजिनिअरच्या बुटापाशी गेलं.

“हे खेळणं आहे,” इंजिनिअर म्हणाला.

“बरोबर,” ती म्हणाली. “आता आपलं बघू.”

फरशी पुसायच्या दोन काळ्या काठ्या तिने आधीच आणून ठेवल्या होत्या. एकीला पांढरा नॅपकिन बांधलेला होता. दुसरीला ओले नॅपकिन ठासून भरलेला काळा हातमोजा, पाचही बोटं पसरलेली. तिने रोलर सुरू केला. कोणी काही बोलायच्या आत पांढरी काठी पुढे केली. डबीवर दिवा लागला, रोलर थांबला. इंजिनिअरच्या जीवात जीव आला. तिने रोलर पुन्हा सुरू केला आणि हातमोजा पुढे केला.

रोलरने आधी बोटं घेतली, मग तळवा, मग मनगट. काठी तिच्या हातातून हिसकली गेली आणि कडाकडा मोडू लागली. आठ डब्यांपैकी एकीलाही काही दिसलं नाही. जळक्या रबराचा धूर पसरला. इंजिनिअर स्वतः धावत जाऊन लाल बटणावर पडला.

गरम लोखंड कटकट आवाज करत निवत गेलं. घड्या घालणाऱ्या बायकांपैकी एकीने आपले हातमोजे काढले आणि टेबलावर ठेवले. मग दुसरीने. मग सगळ्यांनी.

मॅडम म्हणाल्या, “हे तुम्ही कोणाच्या परवानगीने केलंत?”

“तिची बोटं कोणाच्या परवानगीने भाजलीत?” भट्टी म्हणाली. पुढे बरंच बोलली. एकोणीस वर्षांत तिचा आवाज एवढा चढलेला कोणी ऐकला नव्हता. प्रमाणपत्र न वाचणारा इंजिनिअर, हसणारा सुपरवायझर, फोटोपुरत्या आलेल्या मॅडम, कोणालाही तिने सोडलं नाही. शेवटी तिने वही टेबलावर टाकली. “वाचा. आपल्याला वाचता येत असेल तर.”

दुपारपर्यंत दांडी परत बसली.

संध्याकाळी ती तडक जोडीदारणीच्या घरी गेली. जिंकून आलेल्या माणसासारखी. जोडीदारीण पलंगावर बसून डाव्या हाताने टॉवेलची घडी घालत होती. उजवा हात उशीवर, मनगटापर्यंत बांधलेला. भट्टीने सगळं सांगितलं, गाडी, काठी, धूर, मॅडमचा चेहरा. “आता तो कागद फाडावा लागेल त्यांना,” ती म्हणाली. “तुझी चूक नव्हती हे आता कोरून ठेवलंय मी.”

“मी सही केली,” जोडीदारीण म्हणाली. “म्हणजे सही नाही. उजवा हात बांधलेला होता, म्हणून डाव्याचा अंगठा घेतला. काल दवाखान्यातच.”

भट्टीच्या तोंडून शिवी गेली. ती पुढे बोलणार, तेवढ्यात जोडीदारणीने विचारलं, “त्या डब्यांचं तुला कधी कळलं?”

“बसवल्या त्याच दिवशी. संध्याकाळी.”

जोडीदारीण डाव्या हाताच्या बोटांवर मोजू लागली. एक हात पुरेना, तेव्हा ती थांबली. “नऊ दिवस.”

“मी त्यांना सांगितलं ना. दोघांनाही. त्यांनी…”

“त्यांना.” तिने टॉवेल बाजूला ठेवला. “तू हातमोजे घालणं सोडलंस. मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, हात घामेजतात.”

भट्टीने आपले न भाजलेले हात पाठीमागे घेतले.

“चौदा वर्षं मी तुझ्या खांद्याकडे बघून हात पुढे करते,” जोडीदारीण म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, शांत, आणि म्हणून तो ऐकवत नव्हता. “तू मला म्हणाली असतीस, हातमोजे काढ, तर मी का म्हणून विचारलंही नसतं. तुला वही पुरी करायची होती. आता जा, मला औषधाने झोप येते.”

ती घरी चालत आली. रस्ताभर ती भांडत होती, आधी सुपरवायझरशी, मग इंजिनिअरशी, मग जोडीदारणीशी, आणि घर जवळ येईतो समोर भांडायला कोणी उरलं नाही. टेबलावर संचाची पिशवी पडली होती. तिने ती उचलून आपटली. सेन्सर फरशीभर विखुरले. नवरा गुडघे टेकून एकेक वेचू लागला.

“राहू द्या ते,” ती म्हणाली. मग म्हणाली, “त्या सगळ्यांना मी नालायक म्हटलं आज. एक नाव राहिलं.”

“बस मागे घेता येते,” तो म्हणाला. “ते नऊ दिवस येणार नाहीत. पुढे काय करतेस ते बघ.”

लाँड्रीने जे करायचं ते केलं. यंत्राची नासधूस केल्याबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली आणि रोलरवरून काढून तिला मळक्या कपड्यांच्या वर्गवारीवर टाकलं, जिथे नाकाला रुमाल बांधून उभं राहावं लागतं. अपघाताच्या अहवालातलं ‘लक्ष नव्हतं’ हे वाक्य तसंच राहिलं. त्याच्याखाली एक नवी ओळ आली: तांत्रिक कारणाची शक्यता नाकारता येत नाही. ती ओळ वाचून तिचा संताप असा उसळला की तिने तिथल्या तिथे तीन पिशव्या मळके कपडे वेगळे केले, कोणाच्या मदतीशिवाय.

तीन आठवड्यांनी जोडीदारीण कामावर परतली. बोटांची टोकं गुळगुळीत आणि लालसर होती, नखं यायची होती. पहिल्या दिवशी दोघी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भट्टी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“मला आधी तुला सांगायला हवं होतं. चुकलं माझं. कारण काही नाही, मी फक्त त्यांना हरवायच्या मागे होते.”

जोडीदारणीने डबा थोडा बाजूला सरकवून बाकावर जागा केली. “बस. वास येतोय तुझ्या अंगाला, पण बस.”

खाताना भट्टीने खिशातून एक चकचकीत पत्रक काढलं. पिवळ्या डब्या विकणाऱ्यांचं. तिने त्यांना पत्र लिहून सगळे आकडे कळवले होते. उत्तरात अभिप्रायाबद्दल आभार मानले होते आणि हे पत्रक जोडलं होतं. त्याच्या मागच्या बाजूला समाधानी ग्राहकांची यादी होती, सहा लाँड्र्या. आपल्या लाँड्रीचं नावही त्यात होतं, तिसरं.

जोडीदारणीने यादी दोनदा वाचली. तिचे कान लाल झालेले भट्टीने पहिल्यांदाच पाहिले.

“उरलेल्या पाचांना माहीत आहे?”

“मी चिठ्ठ्या पाठवल्या. उत्तर नाही. सुट्टीच्या दिवशी जाऊन येणार आहे. वही आणि गाडी घेऊन.”

“ऑफिसात नको जाऊस. ऑफिसातले वही बघतात आणि ठेवून देतात. पाळी सुटते तेव्हा दाराशी उभं राहायचं. बायका बाहेर पडतात तेव्हा. आणि मी येते. तुझी वही समजायला वेळ लागतो, माझी बोटं लगेच समजतात.”

त्या रविवारी दुपारी दोघी पहिल्या लाँड्रीच्या फाटकापाशी पोचल्या. पहारेकऱ्याने विचारलं, कोणाला भेटायचंय. भट्टीने तोंड उघडलं, पण जोडीदारीण आधीच बोलली.

“इस्त्रीच्या रोलरवर काम करणाऱ्या बायकांना. काम मिनिटभराचं आहे.”

“आत सोडता येणार नाही.”

“आम्ही आत यायचं म्हटलंच नाही,” भट्टी म्हणाली. “आपण बसा निवांत.”

पहारेकऱ्याने तिच्याकडे एकवार पाहिलं आणि खुर्ची जरा मागे घेतली. आत भोंगा झाला. बायका दोघी-तिघींच्या घोळक्याने बाहेर येऊ लागल्या, आणि त्यातल्या एकीच्या पिशवीतून काळ्या हातमोज्यांचं टोक बाहेर आलेलं होतं. जोडीदारीण तिच्याकडे निघाली. भट्टी दोन पावलं मागून चालू लागली.